मध्यंतराला उठणारे आबा

दौंडला मला पहिली नोकरी लागली तेव्हा जी खोली मिळाली ती थिएटरच्या पिछाडीला. घरमालक रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. सगळी आळी त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणू लागलो. खोली दाखवताना भाडं, पाणी, संडास यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "मास्तर, पिक्चर बघता का?" मी शाळामास्तर, त्यातून नवा. काय उत्तर दिलं म्हणजे खोली मिळेल याचा अंदाज येईना. कधीमधी बघतो, असं गुळमुळीत म्हणालो. "पुरता बघता का निम्मा?" मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पुरता, मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि किल्ली हातात दिली.

आबा मूळचे राहूचे. हयात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. निवृत्त झाल्यावर गावी येऊन राहतील अशी भावकीची समजूत होती, पण त्यांनी दौंडातच, थिएटरच्या भिंतीला परस लागून असलेलं हे घर धरून ठेवलं. थंडी असो नसो, अंगात काळा कोट आणि कोटाच्या खिशात दोरीला बांधलेली पितळी शिट्टी. ही शिट्टी सरकारी नव्हे, स्वतः विकत घेतलेली आहे, हे ते कुणी न विचारता सांगत. परसात शेळी शिरली की आबा शिट्टी फुंकत. फुंकताना त्यांचे गाल टम्म फुगत आणि डोळे गच्च मिटत. ते उघडेपर्यंत शेळी कुंपणापलीकडे गेलेली असे. त्यामुळे रोज येऊन अळूची पानं खाणारी ती शेळी नक्की कुणाची, हे आबांना कधीच कळलं नाही.

शुक्रवारी पिक्चर बदले. आबा संध्याकाळच्या पहिल्या खेळाला तिकीट काढून आत जात आणि मध्यंतराचे दिवे लागले की उठून घरी येत. कितीही रंगात आलेला पिक्चर असो, हिरो कड्याला लोंबकळत असो, आबा उठलेच. डोअरकीपर त्यांच्यासाठी दाराचा पडदा आधीच बाजूला धरून ठेवी. एकदा त्यांनी तिकिटाच्या खिडकीवर वाद घातला होता, की निम्माच बघतो तर हाफ तिकीट का नाही. खिडकीतल्या माणसानं सांगितलं, हाफ तिकीट लहान मुलांना. आबा म्हणाले, "लहान पोरगं तर पुरा पिक्चर बघतंय की." त्या माणसानं पुरं तिकीटच फाडून पुढं सरकवलं.

घरी मागच्या पायरीवर त्यांची बायको वाट बघत बसलेली असे. त्यांना मी मावशी म्हणे. मांडीवर निवडायचे तांदूळ, शेजारी आबांसाठी झाकून ठेवलेला चहा. मध्यंतर संपायच्या आत आबांना निम्मा पिक्चर सांगून पुरा करायचा असे आणि त्यात ते तरबेज झाले होते. "गरीब घरचा हाय. आई आंधळी. मोटारवाल्या पोरीसंगं भांडान झालंय, म्हंजी लगीन व्हनार. मामा बेरकी, पांढरा बूट घालतो. बाप जिता हाय, पर पोराला ठावं न्हाई." मावशींचे प्रश्न वेगळेच असत. मोटारवालीचं लुगडं कोणत्या रंगाचं, आंधळी आई दिसायला कशी, तिला दात आहेत का. आबांना हे सगळं सांगता येई. ते खास तेवढ्यासाठी बघून ठेवत असत.

मग थिएटरात घंटा होई आणि दोघं गप्प बसत. उकाड्यामुळे थिएटरची बाजूची दारं बारा महिने उघडी, नुसते काळे पडदे सोडलेले. भिंतीपलीकडचं अक्षर न् अक्षर परसात ऐकू येई. उरलेला पिक्चर आबा आणि मावशी पायरीवर बसून ऐकत. माझ्या खोलीची खिडकी तिथंच, त्यामुळे मुलांच्या वह्या मी खून, खटले आणि बहीणभावांच्या भेटी ऐकत तपासल्या. एका मुलाच्या निबंधावर लाल शाईनं "खामोश" लिहून बसलो होतो, ते वेळीच लक्षात आलं.

शनिवारी सकाळी ओट्यावर आबांचं मत जाहीर होई. ऐकायला दोनचार निवृत्त रेल्वेवाले आणि शाळेत निघालेला मी. आबांची मतं सगळी रेल्वेच्या कायद्यात बसवलेली. गाणी जास्त असली तर म्हणायचे, थांबा नसताना गाडी उभी करतात. एका मोठ्या नटाच्या पिक्चरला त्यांनी "इंजिन झ्याक, डबे रिकामे" म्हणून निकालात काढलं. धुणंभांडी करणाऱ्या नायिकेच्या लुगड्याला इस्त्री बघून ते कष्टी होत. पोलीस शेवटी उशिरा येतात याचं त्यांना काही वाटत नसे. उशीर त्यांनी आयुष्यभर पाहिला होता. पण उशिरा आलेले पोलीस कारण सांगत नाहीत, हे त्यांना खटके. शेवटाबद्दल मात्र ते नेहमी एकाच मापानं बोलत. शेवट ऐकण्यासारखा आहे, किंवा शेवट ऐकण्यासारखा नाही.

त्यांची एक जुनी तक्रार होती. पिक्चरमध्ये इंजिन ड्रायव्हर दिसतो, स्टेशनमास्तर दिसतो, हमाल तर गाणंसुद्धा म्हणतो. गार्ड कुठंच नाही. एका पिक्चरमध्ये नायिका खिडकीतून हात हलवते आणि गाडी सुटते, तेव्हा आबा खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि पडद्याला विचारलं, "कुनी सोडली ही गाडी? झेंडा कुठंय?" पब्लिक हसलं. आबा त्या दिवशी मध्यंतराचीही वाट न बघता बाहेर पडले. घरी येऊन मावशींना म्हणाले, गाडीच खोटी आहे, पुढचं काय ऐकतेस, आणि परसाचं दार लावून घेतलं. त्या पिक्चरचं पुढं काय झालं हे दोघांनी कधी कुणाला विचारलं नाही.

एवढे शौकीन लोक, तर दोघं मिळून जाऊन पुरा पिक्चर का बघत नाहीत, हे मी एकदा मावशींना विचारलंच. त्यांनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला आणि सांगितलं. मुलगा लहान असताना मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळला होता. रेल्वेच्या डॉक्टरनं मान हलवली, तेव्हा मावशी कुरकुंभच्या देवीपुढं जाऊन बोलल्या, पोरगं उठलं तर पिक्चर बघायचा सोडीन. मी म्हणालो, लोक एखादी भाजी सोडतात, एखादं फळ सोडतात.

"वांगं सोडलं आस्तं की. पर वांगं मला कवाच आवडलं न्हाई. नावडतं सोडायचं म्हंजी देवीला फशिवणं झालं." लग्न होऊन आल्यापासून त्यांनी एक पिक्चर चुकवला नव्हता. सगळ्यात जिवाजवळचं तेच होतं, म्हणून तेच दिलं. पोरगं उठलं. मावशींनी त्यानंतर पडद्याकडे पाहिलेलं नव्हतं. मग हे दर शुक्रवारचं पायरीवर बसणं काय, असं माझ्या तोंडावर आलं असावं, कारण त्या आपण होऊन म्हणाल्या, "बघायचा सोडला. ऐकायचा कुठं सोडलाय?"

आणि आबा? आबांनी नवस बोललेला नव्हता. ते त्या वेळी मालगाडी घेऊन सोलापूरच्या वाटेवर होते. पण परत आल्यावर त्यांनी आपला विचार करून ठरवलं. बायको म्हणजे अर्धांगी, माणसाचं निम्मं अंग. त्या अंगानं पिक्चर सोडला, म्हणजे आपलाही निम्मा सुटला. उरला निम्मा, तेवढा बघायला हरकत नाही. हा हिशेब देवीला मान्य आहे का, असं मी त्यांना विचारलं. आबा गंभीरपणे म्हणाले की इतक्या वर्षांत हरकत आलेली नाही.

माझं घर शिरूरला. सुट्टीला एसटीनं घरी गेलो की तिथल्या टॉकीजला पिक्चर बघे. दौंडला लागून गेलेला पिक्चर तिथं नंतर येई. एकदा दौंडच्या पायरीवर मोठा हलकल्लोळ झाला होता. पिक्चरच्या शेवटी गोळी सुटली, बाई हंबरडा फोडून रडली आणि मग सनई वाजली. आबा-मावशींनी त्याचा अर्थ लावला तो असा: हिरो मेला आणि पोरीला बळंच दुसऱ्याशी उजवली. मावशींना इतकं लागलं की रात्री त्यांनी भाकरी टाकल्या नाहीत. पुढं मी तोच पिक्चर शिरूरला पाहिला. गोळी दंडाला चाटून गेली होती, रडणं आनंदाचं होतं आणि लग्न त्याच्याशीच लागलं होतं. दौंडला आल्या आल्या मी ही शुभवार्ता सांगितली. आबा म्हणाले, आनंदाचं रडणं असं पोटातून येत नाही. मावशींनी तर मलाच समजावलं.

"न्हाई मास्तर. तुमच्या शिरूरला दुसराच दाखवत असत्याल."

त्यानंतर मी शिरूरचे शेवट दौंडला आणायचे बंद केले.

ज्याच्यासाठी नवस झाला तो मुलगा पुण्याला कारखान्यात होता. उंच, शेलाटा, आईच्या तोंडावळ्याचा. नाटकाचं वेड होतं, सुट्ट्या टाकून मुंबईच्या चकरा मारी. आबा त्याबद्दल बोलत नसत. एका दिवाळीला तो आला तो वेगळ्याच तोऱ्यात. पायरीवर बसून त्यानं सांगितलं की एका पिक्चरमध्ये आपण आहोत. घाटातल्या एका स्टेशनावर शूटिंग होतं आणि झेंडा नीट धरणारा माणूस त्यांना मिळत नव्हता. हा पुढं झाला. काळा कोट घालून गार्डाच्या डब्यात उभं राहायचं आणि हिरवा झेंडा दाखवून गाडी सोडायची. आबांनी चहाची बशी खाली ठेवली. गार्ड, ते म्हणाले.

मावशींनी विचारलं, कधी आहेस, आधी का नंतर. नंतर, मध्यंतर झाल्यावर, मुलगा म्हणाला. मग बोलतोस काय? बोलायचं काही नाही, तो म्हणाला, उभा राहतो आणि गाडीबरोबर निघून जातो.

मावशींचा हात तांदळात थांबला. "बोलायचं न्हाई? मंग मला कळायचं कसं, तू आलास म्हनून?"

तेव्हा कुठं आम्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं ज्या बाईनं पोरासाठी पडदा पाहिला नाही, तिचं पोर पडद्यावर येणार होतं आणि तेही मुक्यानं. मुलाचं तोंड उतरलं. मलाही वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मास्तर मंडळींना उपदेश सुचतो. मी म्हणालो, मावशी, आता पोरगं बापाएवढं झालं. कुरकुंभला जाऊन देवीची ओटी भरा, नवस सोडवून घ्या. देवी काय नाही म्हणायची नाही.

मावशी चिडल्या नाहीत. "देवीनं दिलेलं पोरगं परत मागितलं न्हाई. आन् म्या दिलेला शबूद परत मागू व्हय?" यानंतर तो विषय त्या घरात कुणी काढला नाही.

पिक्चर दौंडला लागला तो उन्हाळ्यात. आदल्या दिवशी आबा माझ्या खोलीत आले. त्यांचं ठरलेलं होतं. निम्मा बघायचा हे खरं, पण कोणता निम्मा हे कुठं ठरलंय? या खेपेला ते मध्यंतरानंतर आत जाणार होते. मुलगा दिसला की शिट्टी फुंकणार होते. थिएटरात शिट्ट्या काय कमी वाजतात, पण गार्डाची शिट्टी वेगळी आणि मावशींना ती झोपेतही ओळखू येई. अडचण एकच होती. पहिला निम्मा मावशींना कोण सांगणार? तो मी बघून यावा, असं त्यांनी मला, अगदी चार्ज द्यावा तसं, बजावून सांगितलं.

संध्याकाळच्या पहिल्या खेळाला मी गेलो. मध्यंतराला पडदा सारून बाहेर आलो तर आबा दारात उभे. कोटाला इस्त्री, बटणं गळ्यापर्यंत, शिट्टी खिशातून हातात आलेली. "गाडी टायमात हाय का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि ते आत गेले. उलट दिशेनं येणारे आबा बघून डोअरकीपर पडदा धरायचा विसरला.

मावशी पायरीवर होत्या. आज मांडीवर तांदूळ नव्हते. लग्नाकार्यात नेसायचं जरीचं लुगडं नेसून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी पिक्चर सांगू लागलो. थोडं ऐकून म्हणाल्या, मास्तर, तुम्ही तर धडा शिकवताय, तिच्या लुगड्याचा रंग सांगा. मी रंग पाहिलेला नव्हता. त्यांनी माझा नाद सोडला.

घंटा झाली. भांडण झालं, गाणं झालं, कुणीतरी कुणाच्या तरी पाया पडलं. मावशींनी यातलं काही ऐकलं असेल असं वाटत नाही. मग चहावाल्याची हाळी आली आणि पाठोपाठ इंजिनाचा फुसफुसाट. दौंडात ते आवाज रोजचेच, पण हे भिंतीतून येत होते. पडद्यातून एक शिट्टी वाजली, बारीक, दूरची. आणि तिच्या पाठीवर लगेच दुसरी. ती इतकी जोरात आली की कुंपणावरची शेळी उडी मारून पळाली. ती लांबली, थांबेचना.

मावशी उठून उभ्या राहिल्या. "दोन वाजल्या, मास्तर," त्या म्हणाल्या. "येक पोराची आन् येक बापाची." त्यांनी दोन्ही हात भिंतीकडे करून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, दारात आलेल्या पोराची दृष्ट काढावी तशी. मग त्या बसल्या आणि पदरानं डोळे पुसले. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण खोलीची वाट त्यांच्या पुढूनच होती.

खेळ सुटल्यावर आबा आले. नवसानंतर पुरा शेवट बघून घरी येण्याची त्यांची ही पहिलीच खेप. कसा दिसला, मावशींनी विचारलं. चोख, आबा म्हणाले. अंगानं? बरा आहे. कोट? मापाचा. एवढ्यावर गाडी अडली. मोटारवालीच्या लुगड्याचे काठ सांगणाऱ्या माणसाला पोटच्या पोराबद्दल चार शब्द सांगता येईनात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मध्यंतराला गेले, पुन्हा शिट्टी, पुन्हा तेच, चोख, बरा, मापाचा. पिक्चर होता तोवर हे रोज चाललं. पब्लिकलाही कळून चुकलं. ज्या जागी शिट्टी व्हायची तिथं सगळं थिएटर चिडीचूप होई आणि ती झाली की टाळ्या पडत.

ओट्यावर या पिक्चरबद्दल आबांचं मत कुणी विचारलं तर ते म्हणत, बाकी रद्दी, गाडी मात्र कायद्यानं सुटली.

पिक्चर जायच्या दिवशी ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, आबा, मावशी इतकं विचारतात, जरा नीट सांगत का नाही? त्यांनी शिट्टी कोटाच्या बाहीला पुसली.

"काय सांगू? त्यो दिसतो आन् म्या फुकतो. फुकताना डोळं मिटत्यात. उघडस्तवर गाडी गेलेली आस्ती."

म्हणजे तुम्ही त्याला पाहिलाच नाही? मी विचारलं. पाठ पाहिली, ते म्हणाले, एकदा नुसती टोपी. मी म्हणालो, मग आधी बघून घ्या आणि मागून फुंका, क्षणभराचा तर प्रश्न. आबांनी माझ्याकडे, खोली दाखवताना पाहिलं होतं, तसंच पाहिलं.

"गाडी गेल्यावर शिट्टीचा काय उपेग, मास्तर? त्यो आला त्या वक्तालाच तिला कळाया पायजे."

आज शेवटचा दिवस आहे, मी म्हणालो, आज शिट्टी माझ्याकडे द्या, मी फुंकतो, तुम्ही बघा. त्यांनी थोडा विचार केला. मग शिट्टी खिशात टाकली. "तिला वळखू यील," ते म्हणाले आणि पहिल्या खेळाचं तिकीट काढायला उठले.

पुढं काही महिन्यांनी तो पिक्चर शिरूरला आला. मी आठवण ठेवून गेलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. स्टेशन आलं, इंजिन फुसफुसलं आणि डब्याच्या दारात मुलगा दिसला. काळा कोट खरंच मापाचा होता. झेंडा बापासारखा ताठ धरला होता. तो मावशींसारखा हसलाही, ओझरतं. पडद्यातली बारीक शिट्टी वाजली. मी दुसरीची वाट बघत राहिलो. आजूबाजूला लोक शेंगा सोलत होते. गाडी निघून गेली, पुढचं भांडण सुरू झालं, तरी माझे कान तिथंच होते.

मावशींचं म्हणणं तेव्हा पटलं. शिरूरला दुसराच दाखवतात.